डावोसची यूव्ही कॅलिब्रेशन सेवा: कोष्टक वापरणार असाल तरच पाठवा

ब्रॉडबँड यूव्ही रेडिओमीटरचं (उन्हातली अतिनील किरणं एकत्रित मोजणाऱ्या उपकरणाचं) कॅलिब्रेशन नुसत्या दिव्याखाली उरकणाऱ्या प्रयोगशाळा कमी नाहीत. पण दिव्याचा वर्णपट वेगळा, सूर्याचा वेगळा. ओझोनमुळे सूर्यप्रकाश ३२० नॅनोमीटरपासून २९०पर्यंत हजारो पटींनी घसरतो, आणि सेन्सरचा प्रतिसाद त्वचा भाजण्याच्या प्रमाणित वक्राशी तंतोतंत कधीच जुळत नाही. त्यामुळे दिव्यावरून काढलेला गुणक (व्होल्टेजवरून किरणांची तीव्रता काढण्याचा आकडा) उन्हात सरळ फसतो.

स्वित्झर्लंडमधलं डावोसचं वर्ल्ड रेडिएशन सेंटर इथेच उजवं ठरतं. प्रयोगशाळेत आधी प्रत्येक तरंगलांबीचा प्रतिसाद तपासतात, मग तिरप्या प्रकाशाचा. त्यानंतर उपकरण छतावर, ‘क्वासुमे’ या संदर्भ स्पेक्ट्रोरेडिओमीटरशेजारी (प्रत्येक तरंगलांबी वेगळी मोजणाऱ्या उपकरणाशेजारी), खऱ्या आकाशाखाली.

हाती येतो तो एक आकडा नव्हे. मूळ गुणकासोबत सूर्याचा शिरोबिंदूपासूनचा कोन आणि ओझोन यांचं कोष्टक मिळतं. ४० अंश आणि ३०० डॉब्सन एककं (ओझोन मोजायचं एकक) असताना त्याची किंमत १ असते. वापरायची रीत अशी: व्होल्टेजमधून रात्रीचा ऑफसेट (अंधारातही दिसणारं व्होल्टेज) वजा करा, गुणकाने गुणा, मग कोष्टकातल्या किमतीने आणि शेवटी कोसाइन दुरुस्तीने (तिरप्या प्रकाशातली चूक भरून काढणाऱ्या आकड्याने). येणारे २५ मिलिवॅट प्रति चौरस मीटर म्हणजे यूव्ही निर्देशांक १. बरेच जण गुणकापाशीच थांबतात. सूर्य कलला की त्यांचे आकडे भरकटतात आणि बोल लागतो उपकरणाला! रोजचा ओझोन उपग्रहाच्या नोंदींतून मिळतो, तेव्हा ओझोन माहीत नव्हता ही सबब चालत नाही.

एक मर्यादा मात्र आहे. डावोस ४६.८ अंश उत्तरेला, म्हणजे जूनच्या मध्यान्हीही तिथे कोन साधारण २३ अंशांखाली जात नाही. सूर्य डोक्यावर येणाऱ्या ठिकाणांसाठी कोष्टकाचा तो कोपरा प्रतिसाद-वक्रावरून गणिताने भरलेला असतो, छतावर पडताळलेला नव्हे. तिथला फरक हळू बदलतो, म्हणून चालून जातं. हिवाळ्यात उपकरण पाठवणं मात्र टाळा. तेव्हा दुपारीही कोन ७० अंशांच्या आसपास, म्हणजे सूर्य फार खाली.

पाठवण्याआधी उपकरणातलं ओल शोषणारं सिलिका जेल बदला. आत ओल शिरली की संवेदनशीलता बदलते, आणि ओल्या सेन्सरचं प्रमाणपत्र तो सुकल्यावर कुचकामी. सेन्सरवरचा घुमट पुसण्याआधीची आणि नंतरची नोंदही घ्या, नाहीतर धूळ किती आणि सेन्सरची घसरण किती हे मागाहून वेगळं काढता येत नाही. डेटालॉगरची (व्होल्टेज नोंदवणाऱ्या यंत्राची) चूक या प्रमाणपत्रात येत नाही. तो वेगळा तपासा.