कॅसिनो हॉटेल, जंगल की सेवाग्राम : शेतकरी कंपनीच्या बैठकीसाठी जागेची निवड

शेतकरी उत्पादक कंपनीचे संचालक, गटप्रमुख आणि कृषी केंद्रचालक (बियाणे-खतांचे विक्रेते) मिळून चाळीसेक जणांची दोन दिवसांची प्रशिक्षण बैठक कोठे घ्यावी, हा विषय कापसाची वेचणी आटोपली की यवतमाळ-अमरावतीकडील गावांत निघतो आणि बियाणे कंपनीची सहल करून आलेला एखादा जण गोव्याचे नाव घेतोच. वार्षिक आमसभेचा प्रश्न मात्र यातून आधीच वेगळा काढावा. कायद्यानुसार ती नोंदणीकृत कार्यालयात किंवा त्याच गावात घ्यावी लागते आणि नियमावलीत अधिक संख्या ठरवलेली नसेल, तर एक-चतुर्थांश सभासदांची गणपूर्ती (कोरम) लागते. निवड उरते ती प्रशिक्षणाच्या जागेची.

कॅसिनो हवा असेल तर राज्य ओलांडावेच लागते. महाराष्ट्राचा १९७६ चा कॅसिनो कायदा कधी अमलात आलाच नाही आणि २०२३ मध्ये तो रद्द झाला. गोव्यात मांडवीतील जहाजांवर आणि काही पंचतारांकित हॉटेलांत कॅसिनो आहेत. अशा हॉटेलात सभागृह, खोल्या आणि जेवण एकाच ठिकाणी मिळते, मंडप-भांड्यांची धावपळ वाचते, ही सोय खरी आहे. मात्र २१ वर्षांखालील व्यक्तीला कॅसिनोत प्रवेश नाही, सप्टेंबर २०२५ पासून त्यावर ४० टक्के जीएसटी आहे आणि जाण्यायेण्यात बैठकीइतकाच वेळ खर्च होतो. शिवाय पहाटे दोनला खोलीवर परतलेला गटप्रमुख सकाळी नऊला तुरीच्या प्रतवारीवर कितपत लक्ष देईल, याचा विचार संचालकांनी सभासदांच्या भागभांडवलाला हात लावण्यापूर्वी करावा.

ताडोबा जवळ आहे, पण गटासाठी अवघड आहे. एका जिप्सीत सहा पर्यटक बसतात, म्हणजे चाळीस जणांना सात जिप्सी लागतात, आणि एकाच प्रवेशद्वारावर, एकाच फेरीत तितक्या मिळणे कठीण असते. मंगळवारी सफारी बंद असते, पावसाळ्यात गाभा क्षेत्र बंद राहते. सफारीत मोबाइल नेता येत नाही, हा नियम आपल्या बैठकांनाही लावावा असे वाटते! चिखलदरा अमरावतीकरांना सोयीचे आहे. फक्त पावसाळ्यातील शनिवार-रविवार टाळावेत.

सेवाग्रामच्या यात्री निवासातील राहणी साधी आहे आणि वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी आहे, त्यामुळे मौजेच्या अपेक्षेने आलेले कृषी केंद्रचालक नाराज होतील, हे मान्य करावे लागते. तरीही हावडा-मुंबई मार्गावरील वर्धा आणि दिल्ली-चेन्नई मार्गावरील सेवाग्राम अशी दोन स्थानके हाताशी असल्याने सर्व जिल्ह्यांतील माणसे वेळेवर पोहोचतात, आणि संध्याकाळी दुसरीकडे जाण्याचे कारण नसल्याने अर्धवट राहिलेली चर्चा जेवणानंतर पूर्ण होते. संचालक व गटप्रमुखांच्या प्रशिक्षणासाठी माझी पसंती सेवाग्रामला आहे, तीही फेब्रुवारीत, कारण एप्रिलनंतरच्या उन्हात दुपारचे सत्र निभत नाही. विक्रेत्यांना बक्षीस म्हणून गोवा दाखवायचा असेल, तर तो खर्च वेगळा मंजूर करून घ्यावा आणि हिशेबात त्याला बैठक म्हणू नये.