नवऱ्याच्या मारहाणीतून बाहेर पडल्यावर आधारगट: ओपन की क्लोज्ड?

एकटीनं काउन्सेलिंग नको, ग्रुपच हवा, एवढं ठरलं असेल तर पुण्यात पुढचा प्रश्न येतोच, ओपन ग्रुप की क्लोज्ड? मी दोन्हीकडे बसलेय म्हणून लिहितेय. (अजून त्याच घरात असाल आणि हात उगारणं चालूच असेल तर आधी १८१ या महिला हेल्पलाइनला फोन किंवा सखी सेंटर, म्हणजे बायकांसाठीचं सरकारी मदत केंद्र, तिथे ५ दिवसांपर्यंत राहायची सोय होते, ग्रुपचं नंतर बघू.)

ओपनमध्ये अडवणूक नाही. जमलं तर जायचं, मुलाची परीक्षा असली की दांडी, कोणी जाब विचारत नाही. मला सुरुवातीला तेच सोयीचं होतं, कारण घरून मी भिशीला जाते सांगूनच निघायचे. आणि आपल्यासारखंच दुसरीच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं की जे हलकं वाटतं ना, ते तिथेही वाटलंच, उगाच खोटं का बोला.

पण नवीन कोणी आली की ग्रुप घेणाऱ्या ताई म्हणायच्या, "चला, सगळ्याजणी जरा ओळख करून देऊया," आणि ओळख म्हणजे काय तर लग्न कधी झालं, पहिल्यांदा कधी मारलं, बाहेर कशी पडलीस. नवीन कोणीतरी असायचीच! माझं तर पाठ झालं होतं, बायका कुठल्या वाक्याला "अगंबाई" म्हणणार तेही, मी बोलत असायचे आणि डोक्यात डेक्कनवरून बस मिळेल का हे चालू. शेजारी बसणाऱ्या एकीचं उलटं, तिचे दर वेळी हात थरथरायचे, ओढणीचं टोक पिळत बसायची, मग यायचीच बंद झाली.

क्लोज्डमध्ये बॅच सुरू झाली की मधूनच कोणी येत नाही. सुरुवातीला बरेच आठवडे तुझ्याबाबतीत काय झालं हे कोणी विचारलंच नाही, झोप लागते का, कागदपत्रं कुणाकडे ठेवलीत, रात्री घाबरायला झालं तर फोन कुणाला करायचा, पाय जमिनीला टेकवून श्वास कसा घ्यायचा, असलंच सगळं. ज्युडिथ हर्मन या अमेरिकन सायकियाट्रिस्टनी १९९२ मध्ये टप्पे मांडलेत ना, आधी सुरक्षितता, मग आठवून रडून घेणं, मग परत माणसांत मिसळणं, साधारण त्याच क्रमानं. माझं मी एकदाच सांगितलं, सावकाश, आणि पुढच्या वेळी गाडी पगाराच्या खात्यावर आणि पोरांना काय सांगायचं यावर गेली. एकदा एकजण मला म्हणाली, "मागच्या वेळीपण तू हेच म्हणालीस, तो तसा वाईट नव्हता म्हणून." हे तिच्या लक्षात राहिलं कारण ती मागच्या वेळीही तिथेच होती.

त्रास आहेच, नवीन बॅचची वाट बघावी लागते, दांडी मारली की फोन येतो आणि एखादीशी पटलं नाही तरी शेवटपर्यंत तीच समोर. शिफ्टची नोकरी असेल तर कदाचित ओपनच बरं पडेल, प्रत्येकीचं वेगळं असतं. काही ठिकाणी नवीन बाईला आधी वेगळं भेटून मग ग्रुपमध्ये घेतात, तसं असेल तर ओपनही चालेल, जायच्या आधी फोनवर एवढं विचारून घ्या.