‘रिले बदलला’ म्हणून पैसे घेतले, आत निघाली लाल वायर

घरातला जुना स्टिरिओ अँप्लिफायर दुरुस्तीला द्यायचा विचार असेल तर आधी हे वाचा. स्विच, सॉकेट, व्हॉल्यूमचा पॉट (नॉबमागचा, आवाज कमी-जास्त करणारा भाग) आणि रिले (स्पीकर आपोआप जोडणारा-सोडणारा स्विच) बदलल्याचे म्हणून माझ्याकडून साडेअकरा हजार रुपये घेतले गेले. रिले बदललाच नव्हता, स्विच बदलले नव्हते आणि जो पॉट बदलला तो मुळात चांगला होता. पैसे गेल्याचं वाईट वाटतंच. पण स्पीकर जळू नयेत म्हणून अँप्लिफायरमध्ये जी सोय असते, तीच त्या माणसाने निकामी करून ठेवली होती आणि तशा अवस्थेत मशीन हसतमुखाने माझ्या हातात दिलं. याचा मला जास्त राग आहे.

अँप्लिफायर सान्सुईचा, दर चॅनेलला ३० वॅटचा. मामा मर्चंट नेव्हीत होता, त्याने १९७०च्या दशकाच्या अखेरीस जपानहून आणलेला. मागे व्होल्टेज सिलेक्टर आहे, म्हणून आपल्या विजेवर थेट चालतो. मामा बोटीवर असताना घरचे लोक कॅसेटवर आवाज भरून पाठवायचे, तोही तिकडून भरून पाठवायचा. त्या कॅसेटींचा खोका आणि डेक अँप्लिफायरबरोबरच आमच्याकडे डोंबिवलीला आला. त्यामुळे टेप मॉनिटरचा स्विच, म्हणजे रेकॉर्डऐवजी कॅसेट डेकचा आवाज ऐकवणारा, आमच्या घरी रोजच्या वापरातला आहे. हे पुढे महत्त्वाचं ठरलं.

बिघाड असा होता : आवाज कमी ठेवला की डावा स्पीकर बंद पडायचा. तानपुरा एकाच बाजूने ऐकू यायचा. व्हॉल्यूम वाढवला की ‘खर्र’ करून डावी बाजू परत यायची. सिलेक्टर, म्हणजे काय ऐकायचं ते निवडायचा स्विच, दोनदा इकडेतिकडे फिरवला की काही वेळ बरं चालायचं. व्हॉल्यूमचा नॉब फिरवताना खरखर यायची आणि मागच्या सॉकेटमधली पिन जरा हलली तरी घरघर सुरू व्हायची.

आता मला कळलंय की चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या अँप्लिफायरमध्ये ही अगदी नेहमीची लक्षणं आहेत. सिग्नल आत शिरल्यापासून स्पीकरपर्यंत जाईतो सॉकेट, सिलेक्टर, टेप मॉनिटर, पॉट, रिले, स्पीकर स्विच अशा एकामागून एक जोडांमधून जातो. टेप कधीच लावत नसाल तरी तो टेप मॉनिटरच्या स्विचमधून जातोच. या स्विचांच्या पट्ट्यांवर बहुतेक वेळा चांदीचा मुलामा असतो. दमट हवेत आणि गटारातून येणाऱ्या गंधकाच्या वायूने चांदी काळी पडते. आवाज कमी असताना रिलेच्या काळवंडलेल्या टोकांवर विजेचा इतका कमी दाब येतो की सिग्नल तो थर ओलांडूच शकत नाही. व्हॉल्यूम वाढवला की ओलांडतो. म्हणून मोठ्या आवाजात डावी बाजू जिवंत आणि लहान आवाजात मेलेली. अशा वेळी पहिला उपाय साफसफाईचा. बदलाबदली त्यानंतर, आणि तीही मोजून-तपासून.

मुंबईतल्या एका दुरुस्तीवाल्याचं नाव ओळखीतून कळलं. दुकान, रस्ता इथे लिहीत नाही, कारण तक्रार चालू आहे. त्याने वरचं झाकण काढलं, टॉर्च मारला, स्पीकर लावूनसुद्धा पाहिला नाही आणि म्हणाला, “मॅडम, स्विच सगळे उडालेत. रिले जळालाय. सॉकेट गंजलेत. ओरिजिनल पार्ट जपानहून मागवायला लागणार.” मी विचारलं, साफ करून चालणार नाही का? “साफ केलं तर आठ दिवस चालेल, मग परत याल तुम्ही माझ्याकडे.” नऊ हजार सांगितले आणि पाच हजार आगाऊ मागितले. ते मी यूपीआयने दिले, समोर ‘अँप्लिफायर दुरुस्ती आगाऊ’ असं लिहून. पावती मागितली तर वहीच्या पानावर आकडा लिहून दिला. त्यावर ना दुकानाचं नाव, ना सही.

मग नेहमीचंच. पार्ट कस्टममध्ये अडकलाय, कारागीर गावी गेलाय. एके दिवशी फोन आला, “पॉटपण गेलाय, अडीच हजार वाढतील, चालेल ना?” मी व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलं, नक्की काय काय बदलणार ते लिहून द्या. त्याने लिहिलं : सिलेक्टर, टेप स्विच, व्हॉल्यूम पॉट, रिले, सॉकेट, सगळं नवीन, ओरिजिनल. हा निरोप मी जपून ठेवलाय. आज माझ्या हातात जो काही पुरावा आहे तो हाच.

मशीन घ्यायला गेले तेव्हा दुकानातल्या छोट्या स्पीकरवर त्याने मोठ्या आवाजात गाणं लावून दाखवलं. दोन्ही बाजू वाजत होत्या. उरलेले पैसे रोख घेतले.

घरी आणल्यावर एकेक गोष्ट खटकायला लागली. सान्सुईचा व्हॉल्यूम नॉब फिरवताना बोटांना बारीक कट-कट लागायची, एकेक पायरी जाणवायची. आता नॉब सरळ गुळगुळीत फिरत होता. पूर्वी नॉब नऊच्या काट्यावर असला की खोलीपुरता आवाज यायचा. आता जरा हलवला की आवाज अंगावर यायचा, आणि पुढे अर्धा फेरा फिरवला तरी फारसा फरक नाही. लाउडनेसचं बटण (हळू आवाजात खर्ज उठावदार करणारं) दाबलं तर काहीच होत नव्हतं. टेप मॉनिटर दाबला तरी रेकॉर्डच वाजत राहायची, म्हणजे मामाच्या कॅसेटी ऐकायची सोयच गेली. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, पूर्वी पॉवर दिल्यावर काही सेकंदांनी आतून ‘टक्’ असा आवाज यायचा आणि मगच स्पीकर सुरू व्हायचे, तो ‘टक्’ गेला होता. त्याच्या जागी पॉवर देताक्षणी दोन्ही स्पीकरमधून ‘धप्प’ असा दणका यायला लागला.

मी तो पुन्हा चालूच केला नाही. ठाण्याला एक काका आहेत. उमेदीची वर्षं त्यांनी मर्फी रेडिओच्या कारखान्यात काढली, आता घरीच थोडंफार काम करतात. त्यांना फोनवर एवढंच सांगितलं, ‘टक्’ येत नाही आणि ‘धप्प’ येतो. ते म्हणाले, “ताई, स्पीकरच्या वायरी आत्ताच्या आत्ता काढा आणि मशीन घेऊन या.”

काकांनी प्लग काढून मोठ्या कपॅसिटरांमधला विजेचा साठा आधी उतरवला, मग खालची पत्र्याची प्लेट खोलली. पहिल्याच नजरेत दिसलं. रिलेच्या पायांवर सोल्डर करून दोन लाल वायरींचे तुकडे आडवे टाकले होते, डाव्या चॅनेलला एक, उजव्या चॅनेलला एक. वरून पाहिलं तर रिले तोच जुना, पिवळट पडलेल्या प्लॅस्टिकच्या टोपीचा, टोपीवरची धूळसुद्धा पुसलेली नाही. ज्या रिलेचे ‘ओरिजिनल, नवीन’ म्हणून पैसे घेतले, तो हा.

हा रिले काय करतो ते काकांनी नीट समजावलं. अँप्लिफायर चालू होताना आतले व्होल्टेज स्थिरावायला क्षणभर लागतो, तोवर हा रिले स्पीकरचा जोड तोडून ठेवतो. आणि कधी आउटपुटचा ट्रान्झिस्टर शॉर्ट झालाच, तर थेट डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज, स्पीकरकडे जायला लागतो, तेव्हा रिले ताबडतोब जोड सोडतो. अशा अँप्लिफायरमध्ये हा डीसी तीस व्होल्टच्या आसपास असू शकतो. आठ ओमच्या स्पीकरच्या कॉइलचा डीसी रोध साधारण सहा ओम धरा, म्हणजे शंभर-दीडशे वॅट सलग, न थांबता. काही सेकंदांत कॉइल जळते, कागदी कोन पेटूही शकतो. वायर टाकून रिले ‘बायपास’ केला की काळवंडलेल्या टोकांचा प्रश्न मिटतो, डावी बाजू झकास वाजते, गिऱ्हाईक खूश होऊन जातं. आणि स्पीकरचा पहारेकरी मेलेला असतो.

टेप मॉनिटरच्या स्विचवरही तेच, मागच्या बाजूने जंपर (आडवी वायर) मारून स्विच कायमचा वगळलेला. सिलेक्टर जुनाच होता, त्याच्या पट्ट्यांवर पॉलिश पेपर घासलेला. काकांनी भिंग माझ्या हातात दिलं. काळ्या डागांच्या जागी बारीक ओरखडे आणि त्यातून डोकावणारं पिवळं पितळ दिसत होतं. चांदी एकदा घासून गेली की गेली, पितळ पुन्हा काळं पडतं आणि आधीपेक्षा लवकर. वर कसलंसं तेल फवारलेलं, ते ओघळून बोर्डावर उतरलं होतं आणि त्याला धूळ चिकटली होती. सॉकेट मात्र खरंच नवीन होते, पण सोनेरी मुलाम्याचे अगदी हलके, पिन घातली तर डुगडुगणारे.

पॉटवर छाप होता ‘बी ५०के’. जपानी खुणेत ‘बी’ म्हणजे लिनिअर, एकसारख्या चालीने वाढणारा. व्हॉल्यूमला ‘ए’, म्हणजे लॉग प्रकारचा, सुरुवातीला हळू आणि पुढे झपाट्याने वाढणारा लागतो, कारण आपल्या कानाला आवाजाची वाढ त्याच चालीने कळते. लिनिअर टाकला की सुरुवातीलाच सगळा आवाज येतो. शिवाय मूळ पॉटला प्रत्येक चॅनेलसाठी तीनऐवजी चार पाय होते, चौथा लाउडनेससाठी. नव्याला तीनच. त्या चौथ्या पायाच्या दोन वायरी टेप गुंडाळून तशाच सोडल्या होत्या. काका म्हणाले, “तुमचा पॉट खराब नव्हता. खरखर साफ करून गेली असती. हे असे पॉट आता बनत नाहीत, म्हणून ते काढून घेतात.” म्हणजे माझ्याच मशीनमधला चांगला भाग काढून घ्यायचा आणि त्याबद्दल माझ्याकडूनच अडीच हजार घ्यायचे.

मी दुकानात परत गेले. काढलेले भाग मागितले. “स्क्रॅपमध्ये गेले.” लाल वायरींचे फोटो दाखवले. “जुन्या मालाची गॅरंटी नसते मॅडम, बाहेर कोणीतरी उघडलाय.” त्यानंतर फोन उचलणं बंद.

मशीनची खरी दुरुस्ती काकांनी केली आणि तिचा खर्च ऐकून मला त्या साडेअकरा हजारांची चीड पुन्हा नव्याने आली. २४ व्होल्टचा, दोन जोडांचा रिले ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर दोनशेच्या आत मिळाला. त्या रस्त्यावर सरळ धंदा करणारे पुष्कळ आहेत, मला ज्याने रिले दिला त्याने जुन्याच्या पायांची मापं जुळवून पाहिल्याशिवाय पैसे घेतले नाहीत. सिलेक्टर काकांनी आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुतला, सुकू दिला, मग कॉन्टॅक्ट क्लीनरचा अगदी हलका हात देऊन पुन्हापुन्हा फिरवला. टेप मॉनिटरचे जंपर काढून तोही असाच साफ केला. तो उत्तम चालतो. त्यात काहीच बिघडलेलं नव्हतं. नेहमीचा डब्ल्यूडी-४० किंवा रॉकेल ते स्विचजवळ येऊ देत नाहीत : मागे तेलाचा थर राहतो आणि धूळ धरतो. सॉकेट जाड पितळेचे बसवले. पॉट तेवढा जुळता मिळाला नाही. सध्या साधा लॉग प्रकारचा बसवलाय, लाउडनेस अजून बंदच आहे.

शेवटी त्यांनी शंभर वॅटचा बल्ब सिरीजमध्ये लावून मशीनला पॉवर दिली. आत शॉर्ट असता तर बल्ब भगभगत राहिला असता, तो क्षणभर पेटून मंद झाला. मग स्पीकर न जोडता दोन्ही आउटपुटांवर मीटर लावून डीसी मोजला. पन्नास मिलिव्होल्टच्या आत असला म्हणजे ठीक, आमचा त्याहून बराच कमी निघाला. काही सेकंदांनी ‘टक्’ आला.

तुमचं मशीन कोणाकडे देणार असाल तर देण्याआधी झाकण काढून आतले फोटो काढून ठेवा. प्लग काढून, बराच वेळ जाऊ देऊन, आत हात न घालता. पॉटवरचे आणि रिलेवरचे आकडे फोटोत वाचता आले पाहिजेत. काढलेला प्रत्येक भाग परत हवा, हे आधीच सांगा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या. जो माणूस याला कां-कूं करतो त्याच्याकडे मशीन ठेवू नका. परत घेताना दुकानातल्या मोठ्या आवाजावर जाऊ नका. अगदी हळू आवाजात दोन्ही बाजू येतात का ऐका, प्रत्येक बटण दाबून पाहा, ‘टक्’ची वाट पाहा आणि मागचा व्होल्टेज सिलेक्टर जागेवर आहे ना, तेही बघा. बिल नावानिशी घ्या.

ज्यांचं असं झालंय त्यांच्यासाठी : राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. तिथे न मिटल्यास २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे जाता येतं, दोन वर्षांच्या आत. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही आणि वकील लावायची सक्तीही नाही. मी यूपीआयची नोंद, तो व्हॉट्सअ‍ॅप निरोप आणि लाल वायरींचे फोटो जोडून तक्रार दिली आहे. रोख दिलेल्या पैशांचा पुरावा नाही, तेवढ्यापुरती बाजू लंगडी आहे. पैशांबरोबर मूळ पॉट परत मिळावा अशीही मागणी त्यात केली आहे. दरम्यान जुन्या बाजारात कोणाला सान्सुईचा पायऱ्यांचा, आठ पायांचा पॉट सुटा विकायला आलेला दिसला, तर तो कुठून आला एवढं विचारा आणि मला कळवा.