बाल्डर्स गेट ३ : फक्त लकव्यापुरते एक परीक्षण

नागपूरच्या गल्ल्यांत विषामृत खेळलेल्या कोणालाही व्हिडिओ गेममधला लकवा वेगळा समजावून सांगावा लागत नाही. ज्याच्यावर राज्य असे तो हात लावून ‘विष’ म्हणाला की आपण असू तिथेच थिजायचे आणि एखादा सवंगडी त्याला चुकवत येऊन ‘अमृत’ म्हणेपर्यंत तसेच उभे राहायचे. थिजलेला मुलगा हलत नसे, पण त्याच्यापायी बाकीच्या सगळ्यांची पळापळ वाढे, आणि आरपीजी, म्हणजे एखाद्या पात्राची भूमिका घेऊन खेळायच्या खेळांतला, लकवा चांगला की वाईट हे मी आजही याच कसोटीवर ठरवतो. बेल्जियमच्या लॅरियन स्टुडिओजचा ‘बाल्डर्स गेट ३’ हा खेळ ऑगस्ट २०२३ मध्ये आला. त्याच्या कथेविषयी आणि पात्रांविषयी पुष्कळ लिहून झाले असल्यामुळे येथे मी या एकाच व्याधीचा विचार करणार आहे. (खेळताना मी एकदा “अरे, हिला लकवा मारला!” असे मोठ्याने ओरडलो, तेव्हा स्वयंपाकघरातून आई पोळीचे लाटणे हातात घेऊन धावत आली, तेव्हापासून आमच्या घरी या व्याधीला ‘पॅरालाइज’ असेच म्हणायचे ठरले आहे.)

तुलनेसाठी पोकेमॉन घेतो, कारण बहुतेकांची या व्याधीशी पहिली ओळख तिथेच होते. जपानमध्ये १९९६ साली आलेल्या पहिल्या खेळापासून नियमाचा गाभा असा आहे की, लकवा मारलेल्या पोकेमॉनचा वेग घटतो आणि दर टर्नला २५ टक्के वेळा त्याला काहीच करता येत नाही. वेग पूर्वी चौथाईवर येत असे, तो २०१६ पासून निम्म्यावर येतो, आणि विजेच्या जातीच्या पोकेमॉनना २०१३ पासून लकवा होतच नाही. माझ्या भाच्याचा पोकेमॉन एकदा सलग तीन टर्न अडकला, तेव्हा गेम चीटिंग करतो असा त्याचा ठाम आरोप होता. हिशेब मांडला तर असे ६४ पैकी एकदा घडायचेच, आणि सलग तीन टर्न निर्वेध मिळण्याची शक्यतादेखील जेमतेम ४२ टक्के आहे. औषध देऊन व्याधी घालवता येते, मात्र त्या देण्यात एक टर्न जातो. म्हणजे खेळाडू एक तर नाणे उडवत बसतो, नाही तर न उडवण्याची किंमत मोजतो.

बाल्डर्स गेट ३ चे नियम डन्जन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून फाशांनी खेळायच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीवरून घेतलेले आहेत आणि त्यात लकव्याचा सर्वांत परिचित मार्ग म्हणजे ‘होल्ड पर्सन’ हा दुसऱ्या पातळीचा मंत्र. ज्याच्यावर तो टाकला त्याने मनोबळाच्या फाशात तग धरला नाही, तर तो जागच्या जागी थिजतो, आणि तीन मीटरच्या आतून त्याला बसलेला प्रत्येक घाव क्रिटिकल, म्हणजे नेहमीपेक्षा बरीच जास्त इजा करणारा, ठरतो. एरवी वीस बाजूंच्या फाशावर वीसच पडावे लागते, म्हणजे जे भाग्य शंभरात पाचदा लाभते, ते येथे जवळ जाऊन उभे राहण्याच्या बोलीवर हमखास मिळते. खरी खुबी मात्र पुढे आहे. मंत्र टाकणाऱ्याला तो टिकवण्यासाठी एकाग्र राहावे लागते, आणि त्याला मार बसला की शरीरबळाचा फासा टाकून ती एकाग्रता टिकली का ते पाहिले जाते. आपला गडी थिजला असेल, तर त्याचे अमृत शत्रूच्या मांत्रिकाला गाठून ठोकण्यात असते, आणि आपण शत्रूला थिजवले असेल, तर शत्रूची सगळी फौज आपल्या मांत्रिकावर धावून येते.

गोब्लिनांच्या अड्ड्यावर मी माझ्या चमूतल्या शॅडोहार्टकडून त्यांच्या म्होरक्यावर हा मंत्र टाकवला. तो लागला, म्होरक्या पुतळ्यासारखा उभा राहिला, आणि चमूतल्याच कुऱ्हाडवाल्या कार्लाखचा टर्न यायला अवघा एक टर्न उरला होता. तेवढ्यात लांबच्या एका तिरंदाजाचा बाण शॅडोहार्टला लागला. एकाग्रतेसाठी हवे होते १०. फाशावर पडले ६, त्यात शरीरबळाचे २ मिळून झाले ८. म्होरक्या सुटला, कार्लाखचा कुऱ्हाडीचा घाव साधा निघाला आणि तोही चुकला. पुन्हा लढताना मी मंत्र टाकून झाल्यावर शॅडोहार्टला उरलेल्या चालीत एका जाड खांबाआड नेऊन उभे केले, कारण मंत्र टिकवण्यासाठी सावजावर नजर ठेवावी लागत नाही. बाण खांबावर आपटत राहिले, आणि कार्लाखच्या दोन घावांत काम झाले. चूक कुठे झाली हे पहिल्या वेळी मला नेमके दिसले होते, आणि पोकेमॉनमध्ये ते कधीच दिसत नाही, कारण तिथे दाखवण्यासारखी चूकच झालेली नसते.

दोष आहेत, आणि ते किरकोळ नाहीत. मंत्र पहिल्याच फाशाला फसला, तर त्यावर खर्चलेली शक्ती बहुतेक पात्रांना रात्रीचा मुक्काम केल्याशिवाय परत मिळत नाही. शक्यतेची टक्केवारी आधी दिसते खरी, पण ६५ टक्के दिसत असताना तीनदा फसल्यावर भाच्याच्या आरोपाकडे मी थोड्या सहानुभूतीने पाहू लागलो. शिवाय हा मंत्र फक्त मनुष्यसदृश प्राण्यांवर चालतो, त्यामुळे घुबड-अस्वलाचे मिश्रण असलेल्या आउलबेअरसमोर तो वाया जातो. एफ-८ दाबून आधी सेव्ह केलेल्या जागी मागे जाण्याची सोय लकव्याची धार बोथट करते, आणि मी स्वतः त्या मोहातून सुटलेलो नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेल्या ऑनर मोड या कठीण प्रकारामध्ये एकच सेव्ह मिळते, तिथे हा मंत्र टाकताना हात खरोखर अडखळतो.

सर्वांत मोठी अडचण चौघांनी मिळून खेळताना कळते. एकटा खेळाडू चारही पात्रे चालवत असल्यामुळे एक थिजले तरी तीन हाती असतात; पण आम्ही चौघे प्रत्येकी एक पात्र घेऊन खेळलो, तेव्हा सक्करदऱ्यातल्या मित्राचे पात्र सलग दोन फेऱ्या थिजले आणि एकेका फेरीला इतका वेळ लागत होता, की तो हेडफोन काढून चहा करून आला. तो परत आला तेव्हा त्याला सोडवण्यासाठी आम्ही तिघांनी मिळून काय उलाढाल केली होती, हे त्याला आम्हीच सांगितले.

खेळाला १५० जीबी जागा लागते, आणि मे महिन्यात लॅपटॉप कूलरसमोर ठेवूनही पंख्याचा आवाज संवादांच्या वर जातो, म्हणून संवाद वाचायची तयारी ठेवावी. खेळ प्रौढांसाठीचा असल्यामुळे भाच्याला तो देता येत नाही. मागच्या आठवड्यात त्याने मला पोकेमॉनमधला लकवा आणणारा थंडर वेव्ह हा डाव आता शंभराऐवजी ९० टक्केच लागतो हे ऐकवले, आणि मी त्याला खांबाआड उभे राहण्याची गोष्ट सांगितली. पोकेमॉनमध्ये खांबच नसतात, असे तो म्हणाला.