२३५ रुपयांचं रेडिओ मॉड्यूल आणि माझे ४०,६८६ रुपये

एनआरएफ२४एल०१ प्लस या रेडिओ चिपची लाँग रेंज मॉड्यूल कुणी घाऊक भावात देतोय म्हणून घ्यायला निघाला असाल, तर आधी हे वाचा.

मी सांगलीत मोटर स्टार्टरचे वायरलेस कंट्रोलर बनवतो. तासगावकडच्या एका बागाईतदाराची विहीर घरापासून ४२० मीटरवर आहे. मुंबईच्या एका विक्रेत्याकडून आधी पाच नमुने घेतले आणि तिथेच लावून पाहिले. पाचही २५० केबीपीएसवर, म्हणजे डेटाच्या ज्या कमी वेगावर सिग्नल लांब पोचतो त्यावर, व्यवस्थित चालले. म्हणून १२० मॉड्यूलची ऑर्डर दिली. २८,२०० रुपये आणि वर १८ टक्के जीएसटी ५,०७६, म्हणजे ३३,२७६ रुपये. सगळे आगाऊ, यूपीआयने. खातं फर्मच्या नावाचं नव्हतं. विचारलं तर म्हणाला, "भाऊ, करंट अकाउंटचं काम चालू आहे." तिथेच थांबायला हवं होतं.

पण खरी चूक नंतरची. माल आला तेव्हा वरचीच दोन मॉड्यूल काढून टेबलावर जोडली. कोडमध्ये २५० केबीपीएस मागितलेलं आणि कॉम्प्युटरच्या सीरियल मॉनिटरवर स्पष्ट आलं, डेटा रेट १ एमबीपीएस, म्हणजे चौपट वेग. ती ओळ मी डोळ्यांनी वाचली! वाटलं, जंपर वायर सैल असेल. टेबलावर दोन्ही बाजू १ एमबीपीएसवरच राहिल्या, एकमेकांशी बोलल्या, आणि मी पुढे गेलो. स्टार्टरच्या हादऱ्याने पिन ढिल्या होतात म्हणून ३४ बोर्डांवर मॉड्यूल थेट सोल्डर केले.

शेतात एकही चालला नाही. या मॉड्यूलचं दुखणं बहुतेक वेळा वीजपुरवठ्याचंच असतं, हे काम करणाऱ्या कुणालाही विचारा. पीए-एलएनएवालं, म्हणजे सिग्नल वाढवणारे ॲम्प्लिफायर असलेलं लाँग रेंज मॉड्यूल ट्रान्समिट करताना शंभर मिलिअँपच्या वर ओढतं आणि आर्डुइनो नॅनो बोर्डाच्या ३.३ व्होल्टच्या पिनेला ते झेपत नाही. म्हणून मी वेगळा रेग्युलेटर लावला, १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला, दोन दिवस त्यातच घातले. माझ्या जागी कुणीही हेच केलं असतं.

तिसऱ्या दिवशी चिपवर ॲसिटोनचा बोळा फिरवला. छपाई पुसली गेली, त्यातला अधिकचा 'प्लस'सुद्धा. आतला चिप जुना, प्लस नसलेला. त्याला २५० केबीपीएस येतच नाही. खरा प्लस २५० वर उणे ९४ डीबीएमपर्यंतचा सिग्नल पकडतो (आकडा जितका उणे, तितका सिग्नल क्षीण), हा १ एमबीपीएसवर उणे ८५ ला थांबतो. विहीर गेली ती या ९ डीबीत.

नमुना चालला म्हणून लॉट चालेल असं धरू नका. खोक्याच्या तळातले तीन तपासा. डेटा रेट सेट करणारं फंक्शन फॉल्स, म्हणजे 'जमलं नाही', असं उत्तर देतं का ते कोडमध्ये बघा, मी बघितलं नव्हतं.

विक्रेता दोन दिवस "बघतो, बघतो" म्हणाला, मग फोन बंद. सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनवर तक्रार केली, नंबर मिळाला, पुढे काही नाही. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, "माल मिळाला ना? मग फसवणूक कसली? हा दिवाणी मामला आहे." पुसलेला चिप आणि न पुसलेला चिप दोन्ही टेबलावर ठेवले. साहेबांनी हातातसुद्धा घेतले नाहीत. बँक म्हणाली, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत. ग्राहक आयोगाच्या कार्यालयात ऐकवलं, व्यवसायासाठीची खरेदी म्हणजे तुम्ही ग्राहकच नाही. २०१९ च्या कायद्यात स्वयंरोजगाराने पोट भरणाऱ्याला सूट आहे, हे मीच त्यांना दाखवलं. तर म्हणे, वकील घेऊन या. ३३ हजारांसाठी वकील? चार दारं, आठ हेलपाटे, आणि प्रत्येक जण पुढच्या दाराकडे बोट दाखवतो. मग फसवणाऱ्यांना भीती राहील कशाला?

सोल्डर काढताना ११ पीसीबी (सर्किट बोर्ड) गेले, प्रत्येकी ३१० प्रमाणे ३,४१०. दोन शेतकऱ्यांची २,०००-२,००० ची आगाऊ रक्कम परत केली. फर्मच्या खात्याशिवाय पैसे पाठवू नका, आणि जीएसटी नंबर पोर्टलवर स्वतः टाकून बघा. मी पाहिला तेव्हा तो केव्हाच रद्द झालेला होता.

त्या विक्रेत्याची जाहिरात अजून चालू आहे. काल भाव २३५ वरून २१० केलाय.