गॉली वापरून बघाच, पण आधी चौकटीची वही घ्या

गॉली नावाचं एक फुकट सॉफ्टवेअर आहे, विंडोज मॅक लिनक्स सगळ्यावर चालतं, २००५ पासून आहे आणि कोडपण सगळा ओपन आहे. सेल्युलर ऑटोमॅटा बघायला आणि स्वतः बनवायला. म्हणजे काय तर चौकटींची मोठी जाळी, प्रत्येक चौकट अगदी सारखी, प्रत्येकीला नियम तोच, आणि प्रत्येकीला फक्त आजूबाजूचे शेजारी, बहुतेक वेळा आठ, दिसतात, बाकी जगाचं तिला काही माहीत नाही. त्यातला सगळ्यात प्रसिद्ध नियम गणितज्ञ जॉन कॉनवेचा, गेम ऑफ लाइफ, १९७० सालचा. रिकाम्या चौकटीला बरोबर ३ जिवंत (म्हणजे भरलेले) शेजारी असतील तर ती जिवंत होते, जिवंत चौकट २ किंवा ३ शेजारी असतील तरच टिकते, नाहीतर मरते. बस एवढंच.

मी आणि माझी आठवीतली भाची, आम्ही आधी हे वहीवर केलं आणि माझं सगळ्यांना तेच सांगणं आहे की डायरेक्ट सॉफ्टवेअर उघडू नका. आर-पेंटोमिनो म्हणून फक्त ५ चौकटींचा आकार आहे, तो घेतला. पेन्सिलने शेजारी मोजायचे आणि पुढची पिढी नवीन पानावर काढायची, त्याच पानावर खोडून केलं की चुकलंच, कारण सगळ्या चौकटी एकाच क्षणी बदलतात, एकीचा नवा रंग बघून दुसरीचं ठरवायचं नाही. हे तिला समजावून सांगावं लागलंच नाही, दोनदा चुकल्यावर तीच म्हणाली, "मामा, जुनं पान तसंच ठेवायला पाहिजे." विसाव्या पिढीच्या आसपास आम्ही थांबलो, आणि मग गॉलीत तोच आकार काढून चालू केला. तो पसरत जातो, मधूनमधून ग्लायडर नावाचे छोटे आकार तिरके निघून जातात (ग्लायडर ४ पिढ्यांत तिरका एक घर सरकतो), आणि शेवटी ११०३ व्या पिढीला सगळं शांत होतं. ५ चौकटींतून! वहीवर हे कधीच दिसलं नसतं, पण वहीवर केल्याशिवाय ११०३ म्हणजे किती हेही कळलं नसतं.

आता सॉफ्टवेअरचा खरा जीव म्हणजे हॅशलाइफ. ही पद्धत बिल गॉस्परची, तोच ज्याने १९७० मध्ये ग्लायडर गन शोधली, दर ३० पिढ्यांनी एक नवीन ग्लायडर सोडणारी, आणि कॉनवेने लावलेले ५० डॉलर जिंकले, कारण कॉनवेचा अंदाज होता की कुठलाच आकार कायम वाढत राहणार नाही. हॅशलाइफ जाळीचे चौकोनी तुकडे करते, सारखा दिसणारा तुकडा एकदाच साठवते आणि त्याच्या मधल्या भागाचं पुढे काय झालं तेही लक्षात ठेवते, तोच तुकडा परत आला की हिशोब करायचाच नाही, उत्तर तयार. त्यामुळे गन लावून अधिकचं (+) बटण दाबत गेलं की पिढ्यांचा आकडा लाखात कोटीत कधी जातो कळत नाही.

सोबत नमुन्यांचं मोठं फोल्डर येतं, त्यात मेटापिक्सेल नक्की उघडा. दुरून बघितलं तर साधा गेम ऑफ लाइफ चाललाय, झूम करत आत जा, तर त्यातली एकेक चौकट म्हणजे २०४८ बाय २०४८ चौकटींचं आख्खं यंत्र, आणि ते यंत्रपण त्याच नियमावर चाललेलं! बाहेरची एक पिढी व्हायला आतल्या ३५३२८ पिढ्या लागतात. मी हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि मी बराच वेळ नुसता आत बाहेर झूम करत बसलो होतो, अजूनही कोणी घरी आलं की आधी हेच दाखवतो.

एक लक्षात ठेवा, हॅशलाइफ सगळीकडे चालत नाही. जाळी रँडम भरली तर सारखे तुकडे मिळतच नाहीत, मेमरी भरते आणि सगळं रखडतं, तिथे क्विकलाइफ ही गॉलीतलीच दुसरी पद्धत निवडायची. मेनू आणि हेल्प इंग्रजीत आहे, लहान मुलांबरोबर पहिले दोन दिवस शेजारी बसावं लागेल. लुआ किंवा पायथनमध्ये स्क्रिप्टपण लिहिता येतात, मी थोड्याच केल्यात. वायरवर्ल्ड, म्हणजे ४ अवस्थांच्या चौकटींतून वायरी आणि सर्किट, तेही आहे, इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना आवडेल.

मला सगळ्यात जास्त आवडलं ते नियम बदलणं. गेम ऑफ लाइफचा नियम गॉलीत बी३/एस२३ असा लिहितात, बी म्हणजे किती शेजाऱ्यांवर चौकट जन्मते आणि एस म्हणजे कितींवर टिकते. त्याच्या जागी बी३६/एस२३ टाका, म्हणजे ६ शेजारी असले तरी चौकट जन्मते, एवढाच फरक, आणि या जगात एक आकार असा आहे जो १२ पिढ्यांत स्वतःची कॉपी काढतो. भाचीने त्या बारा पिढ्या आता वहीवर घेतल्यात, प्रत्येक पिढीला नवीन पान, काल रात्री सातव्या पानावर होती.