स्टिकर उडालेलं ग्राफिक्स कार्ड ओळखायचं कसं? आठ महिने वेगवेगळी हत्यारं वापरून बघितली

अशोक चौकाजवळ आमचं रिपेरिंगचं छोटं दुकान. गिऱ्हाईक बहुतेक चादर-टॉवेलवाले. डिझाइनचं सॉफ्टवेअर जुन्या विंडोज एक्सपीवर अडकलेलं, म्हणून पेंटियम-फोरच्या जुन्या मशिनी अजून जिवंत. कॅबिनेट उघडलं की आत सुताचा भुसा, आणि कार्डावरचं स्टिकर सोलापूरच्या उन्हाळ्यात कधीच गळून पडलेलं. एक्सपी नव्यानं टाकली की डिव्हाइस मॅनेजरमध्ये (विंडोजची सुट्या भागांची यादी) पिवळं प्रश्नचिन्ह, ‘व्हिडिओ कंट्रोलर’. ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, कुठला शोधायचा?

आधी मी जीपीयू-झेडवरच होतो, कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर. एक्सपीवर चालतं, इन्स्टॉल करावं लागत नाही. पण ड्रायव्हर नसला की निम्म्या चौकटी रिकाम्या. त्याची खरी किंमत सेकंडहँड मालात कळली. एकानं ऑनलाइन घेतलेलं ‘1050 टीआय’ आणलं. विंडोज तेच नाव दाखवत होती, जीपीयू-झेडनं मात्र नावाआधी ‘फेक’ छापलं. बायॉस (कार्डाच्या आत भरलेला प्रोग्रॅम) बदलून विकलेलं जुनं 550 टीआय निघालं, 768 ऐवजी 192 कोअरचं (कोअर म्हणजे चिपमधले काम करणारे भाग). पोराचं तोंड बघवेना.

आता रोजच्या कामाला मी नंबरच बघतो. डिव्हाइस मॅनेजरच्या डिटेल्समध्ये ‘व्हेन’ (कंपनी) आणि ‘डेव्ह’ (चिप) पुढं चार-चार अक्षरं असतात. 10डीई म्हणजे एनव्हिडिया, 1002 म्हणजे एटीआय, 5333 म्हणजे एसथ्री. इंटेलनं स्वतःसाठी 8086 घेतलाय, आपल्याच जुन्या प्रोसेसरचा आकडा, हौस बघा! हा नंबर चिप स्वतः सांगते, ड्रायव्हर असो वा नसो. खोक्यावरच्या नावाचा काही भरवसा नाही: 8400 जीएस या एकाच नावाखाली जी-86, जी-98 आणि जीटी-218 अशा तीन वेगळ्या चिपा विकल्या गेल्या.

विंडोज उठतच नसेल तर पपी लिनक्सची (सीडीवरूनच चालणारी छोटी सिस्टीम) सीडी, आणि नाव-नंबर छापणारी ‘एलएसपीसीआय -एनएन’ ही कमांड. सीडीच म्हणतोय, कारण या मशिनी पेनड्राइव्हवरून बूट होतीलच असं नाही. जुन्या सीडीतली यादी नव्या कार्डाला नुसतं ‘डिव्हाइस’ म्हणते, पण नंबर बरोबर देते. आयएसए या पीसीआयच्याही आधीच्या स्लॉटच्या कार्डांना मात्र असा पीसीआय नंबरच नसतो, तिथं ही सगळी हत्यारं बोथट.

तिथं ‘डीबग’ हा छोटा प्रोग्रॅम कामी येतो. डॉसमध्ये असतो, 32 बिट एक्सपीतही आहे. ‘डी सी000:0’ दिलं की कार्डाचा बायॉस समोर येतो: सुरुवातीला 55 एए ही ठरलेली खूण, मग थोडी वाचता येणारी अक्षरं. आयएसए नसलेल्या कार्डांनाही हे चालतं: परवा एका कारखान्यातलं एनव्हिडियाचं टीएनटी2 एम64 असंच ओळखलं. फक्त एक गंमत आहे. चिपच्या नावाआधी तिथं बऱ्याचदा ‘आयबीएम व्हीजीए कम्पॅटिबल’ (आयबीएमच्या व्हीजीएशी जुळणारं) असतं, कार्ड आयबीएमचं नसलं तरी. मालक माझ्या खांद्यावरून वाचत होते. मशीन भंगारात काढताना त्यांनी भंगारवाल्याला ऐकवलं, “आयबीएमचं हाय ओ, दोनशे जास्त लागतील.” मिळाले बी.